कंपवात आणि घरातला अबोला

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. या दोन जिल्ह्यांतल्या एखाद्या गावात साठीचा माणूस पाय ओढत, तोल सावरत घरी येऊ लागला, त्याचे बोलणे पुटपुटल्यासारखे होऊ लागले, तर पहिला संशय कशाचा येतो हे वेगळे सांगायला नको. गावाला येतो तोच संशय बायकोलाही येतो. नवऱ्याने दारू सोडून वीस वर्षे झाली असतील तर तिला तो अधिकच टोचतो. मग विचारपूस होते, भांडण होते. तो काही बोलत नाही, किंवा त्याचे बोलणे ऐकूच येत नाही. घरात अबोला सुरू होतो.

यातल्या काही माणसांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात असतो. हा आजार घरात शिरतो तेव्हा आजार म्हणून ओळखला जात नाही. माणूस आळशी झाला, घुमा झाला, चिडका झाला, बायको-मुलांवरची माया आटली, अशा स्वभावातल्या बदलाच्या रूपाने तो आधी दिसतो. निदान होईपर्यंतची वर्षे या गैरसमजात जातात. पुण्या-मुंबईतही असे घडते. पण मेंदुविकारतज्ज्ञ गाठण्यासाठी नागपूरची वाट धरावी लागते अशा भागात ही वर्षे वाढतात आणि त्यांची झळ सर्वांत आधी नवरा-बायकोच्या नात्याला बसते.

आजार तसा जुनाच. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले. आयुर्वेदात कंपवाताचे वर्णन आहे. मेंदूच्या खोल भागातील, डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. हालचाल सुरू करणे, तिचा वेग राखणे, ती थांबवणे ही कामे या रसायनावर चालतात. हात थरथरू लागेपर्यंत या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता आणि आधीच्या पंचवीस वर्षांत ही संख्या दुप्पट झाली होती. भारतात २०१६ मध्ये सुमारे ५ लाख ८० हजार रुग्ण असल्याचा अंदाज आहे. मार्च २०२५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०५० पर्यंत जगातील रुग्णसंख्या अडीच कोटींवर जाईल. याचे मुख्य कारण माणसे अधिक जगू लागली हे आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३२ लाखांहून अधिक होती. इथली माणसेही आता सत्तरी गाठतात, आणि पार्किन्सन्स हा मुख्यतः साठीनंतरचा आजार आहे.

लोकांच्या मनात कंपवात म्हणजे थरथरणारा हात. प्रत्यक्षात अनेक रुग्णांत सुरुवातीला कंप नसतोच. हालचाल मंदावते, एक खांदा आखडतो, चालताना एक हात हलेनासा होतो, अक्षर बारीक होत जाते. खांदा दुखतो म्हणून लोक हाडांच्या डॉक्टरकडे जातात, वाताचे तेल चोळतात. त्याही आधी, काही वर्षे, वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता जडते, झोप बिघडते. कोणी त्याचा संबंध मेंदूशी लावत नाही आणि तशी अपेक्षाही धरता येत नाही.

नात्यावर घाव घालणारी लक्षणे मात्र वेगळीच असतात. त्यातले पहिले म्हणजे चेहरा. चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात, हसू उमटत नाही. आत आनंद असतो, कौतुक असते, पण चेहऱ्यावर त्याची रेषही दिसत नाही. नातवंड मांडीवर दिले तरी आजोबा दगडासारखे बसून राहतात. सून म्हणते, यांना आमचं काही वाटतच नाही. रात्रभर जागून नाटक पाहणाऱ्या झाडीपट्टीतल्या बाईला पडद्यासमोरच्या पात्राचा राग-लोभ दुरून कळतो. स्वतःच्या नवऱ्याचा हा गोठलेला चेहरा तिला रागाचाच वाटतो. चाळीस वर्षे जो चेहरा वाचून संसार केला, तोच वाचता येईनासा होतो.

दुसरे म्हणजे आवाज. तो हळूहळू बारीक आणि एकसुरी होत जातो. रुग्णाला स्वतःला मात्र आपण नेहमीसारखेच बोलतो आहोत असे वाटते. बायको ‘काय म्हणता?’ असे तिसऱ्यांदा विचारते तेव्हा तिला ऐकू कमी येऊ लागले असे त्याला वाटते, आणि याला बोलायचेच नाही असे तिला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. काही महिन्यांनी तो बोलणे कमी करतो, ती विचारणे.

तिसरी गोष्ट रात्रीची. एरवी स्वप्न पडत असताना शरीर शिथिल राहते. पार्किन्सन्समध्ये, आणि कित्येकदा तो सुरू होण्याच्या अनेक वर्षे आधीपासून, ही शिथिलता नाहीशी होते. माणूस स्वप्नात कोणाशी भांडत असेल तर खरोखर हात-पाय मारतो, ओरडतो. शेजारी झोपलेल्या बायकोला मार बसतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. ही गोष्ट ती कोणाला सांगणार? सांगितली तर ‘नवरा मारतो’ असा तिचा अर्थ होतो, नाही सांगितली तर ती अंथरूण वेगळे करते. हे झोपेचे लक्षण आहे आणि त्यावर औषध आहे, हे तिच्यापर्यंत पोचतच नाही, कारण डॉक्टर विचारतात ते हाताच्या कंपाबद्दल.

औषध सुरू झाल्यावरही गैरसमज संपत नाहीत, उलट एक नवा तयार होतो. लेव्होडोपा हे या आजारावरचे सर्वांत परिणामकारक औषध. मेंदूत जाऊन त्याचे डोपामाइन होते. पहिली काही वर्षे त्याचा गुण दिवसभर टिकतो. पुढे प्रत्येक गोळीचा असर दोन-तीन तासांत ओसरू लागतो. गोळी लागू असते तेव्हा माणूस चालतो, जेवतो, अंगणात फिरतो. असर संपला की खाटेवरून उठता येत नाही. घरच्यांना दिसते ते असे: सकाळी पाहुण्यांसमोर हा चांगला चालला आणि दुपारी बायकोने पाणी भरायला मदत मागितली तेव्हा याचे पाय उचलेनात. ढोंग करतो, हा शेरा या टप्प्यावर हमखास ऐकू येतो. त्याला खरोखरच उठता येत नसते. घड्याळ आणि गोळीची वेळ शेजारी ठेवून एक आठवडा नोंद केली तर हा चढ-उतार कागदावर स्पष्ट दिसतो आणि ती नोंद डॉक्टरला मात्रा ठरवायलाही कामी येते. पण एवढे समजावून सांगायला बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत दहा मिनिटे लागतात आणि ती मिळत नाहीत.

निरुत्साहाचेही तसेच. या आजारात नैराश्य येते आणि ते केवळ आजारी पडल्याच्या दुःखातून येत नाही. मेंदूतील रासायनिक बदलांचाही तो भाग असतो. त्याहून वेगळा असतो तो उदासीनपणा. माणूस दुःखी नसतो, पण त्याला कशाचीच ओढ वाटत नाही. धानाची रोवणी तोंडावर आली आहे, बैल आजारी आहे, मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत, आणि हा भिंतीकडे बघत बसलेला. बायकोला थकवणारी गोष्ट नेमकी ही. निरनिराळ्या देशांत काळजीवाहकांवर झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा असे दिसले आहे की, रुग्णाच्या शारीरिक अपंगत्वापेक्षा त्याच्या मनोवस्थेतले बदल, भास आणि झोपेचे प्रश्न जोडीदाराला जास्त जड जातात. उचलून बसवणे, भरवणे हे कष्ट आहेत. पण ज्याच्यासाठी ते करायचे तो आपल्याकडे बघतही नाही, हे त्याहून अवघड.

शरीरसंबंधांविषयी तर कोणीच बोलत नाही. या आजारात पुरुषांत दुर्बलता येते, स्त्रियांत इच्छा कमी होते, आणि आखडलेल्या शरीराला कूस बदलणेही कठीण होते. याउलट काही औषधांनी, विशेषतः प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गटातल्या, काही रुग्णांत अनावर ओढ निर्माण होते. जुगार, नको ती खरेदी, सतत खाणे किंवा लैंगिक इच्छेचा अतिरेक अशी तिची रूपे असतात. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांमध्ये असे वर्तन आढळले. साठ-पासष्टीचा, आजवर मर्यादेने वागलेला माणूस असे वागू लागला तर घरात काय होत असेल याची कल्पना करता येते. बायको लाजेने गप्प बसते, मुले बापाशी बोलणे टाकतात. वास्तविक औषधाची मात्रा कमी केली किंवा ते बदलले तर बहुतेक वेळा हे थांबते. ही औषधे लिहून देताना डॉक्टरने रुग्णासोबत त्याच्या जोडीदारालाही याची सूचना द्यायला हवी. जोडीदारालाच हा बदल आधी दिसतो, रुग्णाला त्यात काही वावगे वाटत नाही.

महाराष्ट्राला हा आजार एका लाडक्या माणसामुळे माहीत झाला. पु. ल. देशपांडे यांचे १२ जून २००० रोजी पुण्यात निधन झाले ते पार्किन्सन्सच्या गुंतागुंतीने. त्यांचा आणि सुनीताबाईंचा विवाह झाला तोही १२ जूनलाच, १९४६ साली. रंगमंचावर चेहरा, आवाज आणि बोटे या तिन्हींवर ज्यांची हुकमत होती, त्यांच्या बाबतीत आजाराने नेमके तेच काढून घ्यावे, हे त्या वेळी अनेकांना चटका लावून गेले होते. पण पुणे हे तज्ज्ञांचे शहर आहे. तिथे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि त्यांचे जोडीदार एकत्र भेटतात, व्यायाम आणि गाणी होतात, आणि ‘आमच्याकडेही असंच होतं’ हे वाक्य ऐकायला मिळते. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. अशा बैठकांचा सर्वांत मोठा उपयोग हाच की, नवऱ्याचा गोठलेला चेहरा हा आपल्या संसाराचा दोष नसून आजाराचा भाग आहे, हे बायकोला दुसऱ्या बायकोकडून कळते.

आता हेच चित्र वैनगंगेच्या पलीकडे नेऊन पाहावे. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला बहुतेक भाग जंगलाचा. रेल्वे स्थानक म्हणजे काय ते देसाईगंज, म्हणजे वडसा. सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरहून दूर, तिथून नागपूर आणखी सुमारे पावणेदोनशे. त्यामुळे सिरोंचाचा माणूस सरळ तेलंगणाची वाट धरतो. रुग्ण एकटा प्रवास करू शकत नाही, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. तपासणीचा खर्च फारसा नसतो, कारण पार्किन्सन्सचे निदान प्रामुख्याने डॉक्टरच्या नजरेने आणि हाताने होते. त्यासाठी एखादे महागडे यंत्र अपरिहार्य नाही. खर्च होतो तो जाण्या-येण्याचा, राहण्याचा, आणि आधी केलेल्या चुकीच्या उपचारांचा. त्यातही एक मेख आहे. चक्कर, उलटी किंवा मनोविकारावरची काही औषधे दीर्घकाळ घेतली तर अगदी कंपवातासारखी लक्षणे दिसतात. औषध बंद केले की ती बहुतेकदा ओसरतात. त्यामुळे डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात.

जंगलपट्टीतला संसार दोघांच्या हातांवर चालतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूची पाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, पावसात रोवणी, हिवाळ्यात कापणी. पुडे बांधणे हे बोटांच्या चपळाईचे काम आहे. पार्किन्सन्समध्ये सर्वांत आधी बिघडतात त्या अशाच बारीक, पुन्हा पुन्हा करायच्या हालचाली. त्यामुळे नवऱ्याचे पुडे पूर्वीपेक्षा कमी होतात हे त्या हंगामात बायकोलाच पहिल्यांदा लक्षात येते. मजुरी पुड्यांवर ठरत असल्याने हा फरक लगेच पैशांत दिसतो. एकाचे हात थांबले की दुसऱ्याला दोघांचे काम करावे लागते, आणि ज्याचे थांबले त्याची काळजीही त्यालाच घ्यावी लागते. दोन्ही जिल्ह्यांतून तरुण जोडपी मिरची तोडायला तेलंगणात जातात, तेव्हा महिना-दोन महिने गावात म्हातारा-म्हातारीच उरतात. पासष्ट वर्षांची बाई सत्तर वर्षांच्या नवऱ्याला उचलताना स्वतः पडते, असेही घडू शकते.

रुग्ण बाई असेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो. पार्किन्सन्स पुरुषांत अधिक आढळतो हे खरे, पण स्त्री रुग्ण काही थोड्या नाहीत. तिचा मंदपणा घरात लवकर खपवून घेतला जात नाही, कारण चूल, पाणी, शेणसडा ही कामे थांबत नाहीत. ती ती हळूहळू करत राहते आणि ‘हिला आताशा कामाचा कंटाळा’ असे ऐकत राहते. नवऱ्याने कधी चहा केलेला नसतो. त्याने तिची वेणी घालावी, तिला नहाणीत न्यावे, ही गोष्ट त्यालाही अवघड आणि तिलाही. त्यामुळे तिची काळजी सुनेकडे किंवा लेकीकडे जाते. लेक शाळेत असेल तर शाळा सुटण्याची भीती असते. पत्नी आजारी असताना स्वयंपाकघरात शिरणारे आणि तिथे टिकणारे नवरेही आहेत, पण त्यांचे कौतुक अपवाद म्हणून होते, एवढ्यावरून काय ते समजावे.

घरात लग्नाची मुलगी किंवा मुलगा असला की आजार लपवला जातो. कंपवात संसर्गजन्य नाही. ताट-वाटी वेगळी करण्याचे काही कारण नाही. आनुवंशिकतेचे म्हणाल तर बहुसंख्य रुग्णांत तो घराण्यातून आलेला नसतो. थोड्या रुग्णांत, विशेषतः चाळिशीच्या आत आजार सुरू झालेल्यांत, जनुकीय कारण सापडते. ‘बापाला कंप आहे’ म्हणून सोयरीक मोडण्यासारखे यात काही नाही. एखाद्या आजारामुळे घर कसे तुटते हे या भागाने जवळून पाहिले आहे. कुष्ठरुग्णांना घराबाहेर काढले जात होते म्हणूनच बाबा आमट्यांना वरोऱ्याजवळ आनंदवन उभारावे लागले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरण्याची कायद्यातील तरतूद रद्द व्हायला २०१९ साल उजाडले. समाजाच्या मनातून ती भीती जायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आजार वाढल्यावर काही रुग्णांना भास होतात. खोलीत लहान मुले दिसतात, मेलेली आई दारात उभी दिसते. कधी बायकोचे बाहेर कोणाशी तरी आहे असा पक्का ग्रह होतो आणि कितीही समजावले तरी तो जात नाही. हे आजारामुळे होते, तसेच औषधाच्या वाढलेल्या मात्रेनेही होते. पण ज्या गावात आजारी माणसाला आधी पुजाऱ्याकडे नेतात, तिथे ‘मेलेली आई दिसते’ या वाक्याचा अर्थ वेगळा लावला जातो. पुढचा प्रश्न असतो, हे कोणी केले? हा प्रश्न किती घातक ठरू शकतो हे या दोन जिल्ह्यांनी अलीकडेच पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांसह सात जणांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे दोघांना जिवंत जाळण्यात आले. या घटनांचा पार्किन्सन्सशी संबंध नव्हता. पण ज्या परिसरात असे घडते तिथे एकटक बघणारी, वाकून चालणारी, पुटपुटणारी म्हातारी व्यक्ती आणि भास होणारा रुग्ण, दोघेही सुरक्षित नसतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. भास हे औषधाने आटोक्यात येणारे लक्षण आहे, ही माहिती मात्र त्या कायद्याइतकीही गावात पोचलेली नाही.

जंगलाने या आजारासाठी काही दिले आहे का, तर दिले आहे. विदर्भाच्या जंगलात आढळणारी खाजकुयली, जिच्या शेंगांवरच्या लवेने अंगाला आग सुटते, तिच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी १९३७ मध्येच ते वेगळे करून दाखवले होते. आयुर्वेदात कवचबीज म्हणून हीच बी वापरात आहे आणि अलीकडच्या काही छोट्या चाचण्यांत तिचा गुण दिसला आहे. पण बियांतले लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते, आणि कारखान्यातल्या गोळीत लेव्होडोपासोबत असणारे कार्बिडोपा तिच्यात नसते. कार्बिडोपामुळे औषध मेंदूबाहेर वाया जात नाही आणि मळमळ कमी होते. गोळी चालू असताना वरून बियांची पूड घेतली तर मात्रा दुप्पट होऊन भास किंवा अनियंत्रित हालचाली सुरू होऊ शकतात. डॉक्टरला न सांगता हा प्रयोग करू नये.

स्वयंपाकघराचाही औषधाशी संबंध येतो. प्रथिने आणि लेव्होडोपा आतड्यातून शोषले जाण्यासाठी एकाच वाटेवर गर्दी करतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये. आजार वाढल्यावर डाळ, अंडी, मासे संध्याकाळच्या जेवणात ठेवले तर अनेकांना दिवसा बरे हिंडता-फिरता येते. हे वेळापत्रक सांभाळते ती रांधणारी बाई, आणि औषधाच्या चिठ्ठीवर तिच्यासाठी एक ओळही नसते. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, त्यावरही घरगुती उपाय आहे. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांच्या लक्षात आले की, पार्किन्सन्स झालेल्या त्यांच्या काकांना सपाट जमिनीवर चालता येत नाही, पण जिना मात्र ते सहज उतरतात. त्यांनी जमिनीवर जिन्याचे चित्र अंथरले आणि काका त्यावरून चालले. मेंदूला पुढचे पाऊल कुठे टाकायचे याची खूण दिसली की अडलेली हालचाल सुरू होते. खाटेपासून नहाणीपर्यंत चुन्याचे आडवे पट्टे ओढले तरी बऱ्याच जणांना तोच फायदा होतो.

सरकारी पातळीवर काही दारे उघडली आहेत. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तिथे लगेच मेंदुविकारतज्ज्ञ मिळाला नाही तरी अडू नये. प्रशिक्षित फिजिशियनला निदान करून लेव्होडोपा सुरू करता येते आणि ई-संजीवनीवरून दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सन्सचा समावेश एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत केला आहे. ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तर संजय गांधी निराधार योजनेतून मदत मिळू शकते आणि दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये झाली आहे. पण प्रमाणपत्र देणाऱ्याने रुग्णाला गोळी लागू असताना पाहिले तर अपंगत्व कमी भरते. तपासणीला जाताना नोंदवही सोबत असावी ती यासाठीही. त्याच कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. घरातल्या बाईच्या श्रमाला काही किंमत आहे हे मान्य करणारी ही एवढीच ओळ, आणि ती बहुतेक कुटुंबांना माहीतही नाही.

मोठी त्रुटी आहे ती रोजच्या गोळीची. आरोग्य विम्याच्या योजना, अगदी सत्तरीवरील सर्वांना पाच लाखांचे संरक्षण देणारी वय वंदना योजनाही, मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलतात. पार्किन्सन्सचा रुग्ण दाखल होतो तो पडून हाड मोडल्यावर किंवा न्यूमोनिया झाल्यावर. त्याआधी दहा-पंधरा वर्षे तो घरी बसून दिवसातून तीन-चार वेळा गोळी घेत असतो. कार्बिडोपा-लेव्होडोपा राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ते तुलनेने स्वस्तही आहे. मग ते प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळीसारखे मिळायला काय हरकत आहे?

हे अशक्य आहे असे म्हणायलाही जागा नाही. गडचिरोलीतल्याच ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंचा पाठपुरावा करून २०१५ मध्ये दाखवून दिले की, तिथे दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताने होतो. तोवर पक्षाघात हा शहरी आजार समजला जात होता. मेंदूचे आजार गावपातळीवर मोजता येतात हे त्यातून सिद्ध झाले. आशाताई तिशीवरील व्यक्तींसाठी जो तपासणी अर्ज भरतात, त्यात साठी ओलांडलेल्यांना उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, असे प्रश्न आहेत. ‘हो’ असे उत्तर आले तर पुढे काय करायचे, हे ठरवणे बाकी आहे. त्याला जोडून बायकोला वेगळे बसवून आणखी दोन प्रश्न विचारता येतील: हे पूर्वीसारखे हसतात का? झोपेत हात-पाय मारतात का?

आणि पावसाळ्याचा विचार आधी करावा लागेल. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. लेव्होडोपा अचानक बंद झाले तर शरीर ताठरते, ताप चढतो आणि जिवावरही बेतू शकते. ही गोळी दोन दिवस नसली तरी चालेल असे नाही. दुर्गम गावांत पावसाळ्यापूर्वीच काही महिन्यांचे धान्य पोचवण्याची आणि दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रियांना आरोग्य केंद्रातल्या माहेरघरात आणण्याची पद्धत या जिल्ह्यात आहे. त्याच यादीत कंपवाताच्या रुग्णांची नावे घालून, जूनपूर्वी त्यांच्या घरी चार महिन्यांच्या गोळ्या पोचवता येतील.